एनोकच्या लेकीची कयाक

निकोलिनेनं पहिल्यांदा कयाकमध्ये पाय ठेवला तो मे महिन्यातल्या एका दुपारी, आणि ठेवल्यापासून दम घ्यायच्या आत ती पाण्यात होती.

त्याचं असं झालं. कोळंबीच्या कारखान्यातली पाळी संपवून ती घरी चालली होती. ग्रीनलंडमधल्या मानीत्सोक गावच्या बंदरामागं एक छोटी खाडी आहे, तिथं कयाक क्लबची मंडळी जमली होती. क्लब निघून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. बंदरात सगळीकडे मोटरबोटी, कयाकवर, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होडीवर, शिकार करून घर चालवणारा माणूस गावात एकही उरलेला नाही, आणि ही माणसं म्हाताऱ्यांना विचारून विचारून नव्यानं कयाकी बांधत होती. निकोलिने काठावर उभी राहून गंमत बघायला लागली. एक दाढीवाला गडी उलटा झाला, त्याला वर येईना, तेव्हा ती खो खो हसली.

"हसायला काय जातंय?" पाण्यात मांडीपर्यंत उभा असलेला वित्तुस ओरडला. वित्तुस तिचा सख्खा मामा, आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. "ये की. बस आत. बघू तुझी ऐट."

"कारखान्याचे बूट आहेत पायात."

"मग माशांना ओळखीचा वास येईल."

काठावरचे सगळे हसले. आता माघार घेणं शक्य नव्हतं. ती बसली, म्हणजे बसायला वाकली, आणि आभाळ एकदम पायाखाली गेलं. समुद्राचं पाणी चार अंश होतं. दोघांनी दंडाला धरून तिला काढलं. तीही सगळ्यांबरोबर हसली, वित्तुसला दोन शिव्या घातल्या आणि पचपच बूट वाजवत घरी आली.

घरी मोजे पिळताना मात्र तिला राग आला. कोणाचा, ते तिला नीट कळलं नाही. चाळीस वर्षांची बाई. मोटरबोट चालवते, मासा कापते, सील सोलते. नवरा अंतोन सहा-सहा आठवडे ट्रॉलरवर, तेव्हा घर एकटीनं ओढते. मुलगी शिकायला राजधानीत, नूकला. आणि एका लाकडी सापळ्यात दोन क्षण बसता येऊ नये? दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती घरचे बूट घालून खाडीवर गेली.

"आलीस?" वित्तुस म्हणाला. त्यानं आणखी काही विचारलं नाही.

कारखान्यात ही बातमी तिच्या आधी पोचली होती. कोळंबीच्या सरकत्या पट्ट्यापाशी तिच्या शेजारी बिबियाने उभी असायची, गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई.

"निका, तुझ्या मापाची कयाक करायला लाकूड डेन्मार्कहून मागवलंय म्हणे!"

"हो ना. उरलेल्या लाकडाची तुझी जीभ ठेवायला पेटी करणार आहे."

"अगं, पण बायकांनी कयाकचं कातडं शिवायचं आणि पुरुषांनी त्यात बसायचं, असं असतं. तू तर दोन्हीकडनं सुटलीस. शिवताही येत नाही, बसताही येत नाही."

बायका हसून हसून वाकल्या. निकोलिनेला त्याचं काही वाटलं नाही. तिला लागलं ते वडिलांचं वागणं.

एनोक एकाहत्तर वर्षांचा होता. बायको गेल्यापासून तो शेजारच्या इमारतीत एकटा राहायचा. दिवसभर खिडकीतल्या रेडिओवर बोटींची बोलणी ऐकायची आणि संध्याकाळी लेकीकडे जेवायला यायचं, हा त्याचा नेम. बोलणं कमी, पण कडवट माणूस नव्हता. निकोलिने त्याला अताता, म्हणजे बाबा, म्हणायची. त्या आठवड्यात निकोलिनेनं सीलच्या मटणाचं सूप वाढता वाढता सांगितलं, "अताता, मी मामाकडे कयाक शिकतेय."

त्यानं चमचा खाली ठेवला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हौस."

"माझी बोट आहे ना. ती घेऊन जा. दोरी ओढली की चालू."

"बोट येते मला. कयाक येत नाही, म्हणून तर शिकतेय."

"वित्तुसला दुसरा उद्योग नाही," एनोक म्हणाला. सूप अर्धं ठेवून तो उठला, टोपी घातली आणि गेला. आयुष्यात त्यानं या घरात सूप टाकलं नव्हतं.

निकोलिनेनं मनाशी ठरवून टाकलं: बाईमाणूस कयाकमध्ये, याची त्याला लाज वाटते. तो स्वतः एकेकाळी नावाजलेला शिकारी होता. ती सात वर्षांची असताना ते छोट्या वस्तीवरून गावात राहायला आले, आणि एनोक मच्छीच्या गोदामात कामाला लागला. तुझ्या शाळेसाठी आलो, असं आई सांगायची. त्यानंतर त्यानं कयाकचं नाव काढलेलं तिला आठवत नव्हतं. जुन्या वळणाचा आहे, निकोलिने स्वतःला म्हणाली, निवळेल हळूहळू. पण तो निवळला नाही. सबंध उन्हाळ्यात तो एकदाही खाडीकडे फिरकला नाही. बंदरावर जायचा, तोही वरच्या रस्त्यानं, म्हणजे खाडी दिसू नये.

ती शिकत राहिली. आधी नुसतं बसायला. मग कंबर सैल सोडून पाण्याबरोबर डुलायला. "वरचं अंग काठीसारखं धरू नकोस," वित्तुस सांगायचा. "कमरेखाली तू कयाक आहेस आणि कमरेवर निका. दोघींना भांडू देऊ नकोस." जुलैत ती सरळ वल्हवायला लागली. ऑगस्टमध्ये उलटी होऊन परत वर यायचा सराव सुरू झाला. त्याला डोक्यापासून कमरेपर्यंतचा अंगरखा घालायचा. तो तोंडाभोवती, मनगटांवर आणि कयाकच्या भोकाच्या कडेला आवळून बांधला, की माणूस आणि होडी एक होतात, आत थेंब जात नाही. उलटं झाल्यावर वल्ह्याच्या झपाट्यानं वर यायचं. सोळा वेळा तिला वित्तुसनं हातानं वर काढलं. सतराव्या वेळी ती स्वतः वर आली, नाकातून पाणी वाहतंय, आणि पहिला शब्द बोलली तो इथं लिहिण्यासारखा नाही.

हिवाळ्यात शाळेच्या तळघरात तिची स्वतःची कयाक उभी राहिली. वित्तुसनं मापं तिच्या अंगावरूनच घेतली. लांबी तिच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट. रुंदी तिच्या कमरेइतकी, वर दोन मुठी.

"मोठ्यानं सांगू का आकडा?" वित्तुसनं विचारलं.

"सांग, आणि मग रात्रीचं जेवण घरी जाऊन जेव."

त्यानं आकडा लाकडावर लिहिला, तोही उलट्या बाजूला. कातड्याऐवजी जाड कापड ताणून शिवलं, वर राखाडी रंग. टाके तिनंच घातले. बिबियाने एकदा बघायला आली, दोन टाके उसवून नीट घालून दिले आणि कुणाला सांगायचं नाही अशी तंबी देऊन गेली.

त्याच तळघरात वित्तुसनं तिला एक गोष्ट बजावली होती. "वारा असला तर मी घाबरत नाही निका. वारा नसला तर घाबरतो. पाणी सपाट, ऊन समोरून, अशा वेळी थांबायचं नाही. होडीच्या टोकाकडे टक लावायची नाही. वल्हं पाण्याला लागलेलंच हवं."

"का?"

"भोवळ येते. कयाकची भोवळ. जुन्या लोकांना यायची."

"कोणाला?"

"जुन्या लोकांना," तो म्हणाला, आणि खिळे आणायला उठला. खिळे त्याच्या समोरच होते.

पुढच्या ऑगस्टमध्ये पहिल्या मोठ्या फेरीचा बेत ठरला. डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या, फिओर्डच्या, आतल्या टोकाला नदी मिळते, तिथं ट्राउटच्या जातीचा लाल मासा येतो आणि काळी रानफळं पिकलेली असतात. दोन दिवस जायला, तीन रात्री तंबूत, दोन दिवस यायला. वित्तुस, निकोलिने, आणि क्लबचा चिटणीस उलरिक, तोच तो दाढीवाला. उलरिक वीजखात्यात होता आणि झोपेत सोडला तर अखंड बोलायचा.

निघायच्या आदल्या दिवशी एनोक जेवायला आला नाही. ती स्वतः त्याच्याकडे गेली. तो रेडिओपाशी बसला होता.

"उद्या निघतोय, अताता."

"ऐकलं. हवा चांगली राहणार आहे. तीन दिवस वारा नाही." हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की जणू वादळाची खबर देतोय.

"मग चांगलंच आहे की."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी तोंडाशी आलं होतं. मग त्यानं उठून खुंटीवरचे स्वतःचे लोकरी हातमोजे काढले आणि तिच्या हातात कोंबले. "ओले झाले तरी गरम राहतात," तो म्हणाला, आणि पुन्हा रेडिओकडे तोंड करून बसला.

पहिला दिवस तिच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता. याच पाण्यावरून ती बोटीनं शंभरदा गेली असेल. पण बोटीतून डोंगर नुसते मागं पळतात. इथं ते सावकाश वळायचे, अंगावर यायचे, बाजूला व्हायचे. समुद्रपक्षी हातभर अंतरावर बसून राहायचे, एक तर तिच्याकडे बघून जांभई दिल्यासारखी चोच उघडून बसला. मोटरीचा आवाज नाही, फक्त वल्ह्यावरून ओघळणारं पाणी आणि उलरिक. संध्याकाळी त्यांनी काठावर तंबू टाकला, वाळवलेले मासे आणि राईचा पाव खाल्ला. निकोलिनेच्या खांद्यात कळा येत होत्या आणि ती त्या कळांवरही खूश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाणी हललं नाही.

दुपारी उलरिक पुढं गेला, तंबूची जागा धरायला. वित्तुस एका ओढ्यापाशी प्यायचं पाणी भरायला थांबला. "सावकाश पुढं हो," त्यानं सांगितलं, "मी गाठतोच." ती पुढं झाली. थोडं अंतर गेल्यावर तिला वाटलं, मामा फार मागं राहिला, थांबावं. तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

फिओर्ड आरशासारखा होता. डोंगर वर जेवढे तेवढेच खाली. ऊन समोरून होतं, आणि पाणी कुठं संपतं, आकाश कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. काय सुंदर आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती बघत राहिली.

मग कयाकचं टोक लांब झालं. तिनं डोळे मिचकावले. टोक आणखी लांब गेलं, वर उचललं, आणि पार डोंगराशी जाऊन टेकलं. पायांना गार लागायला लागलं. आत पाणी शिरतंय, हे तिला स्पष्ट जाणवलं. गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं. खाली बघायला मान वळेना. होडी डावीकडे कलतेय, हळूहळू, सारखी कलतेय, आणि आपण जरा हललो तर गेलो. वल्हं हातात होतं, पण हात कुणा दुसऱ्याचे होते. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पाण्याखाली किती खोल आहे, एवढं एकच तिला ऐकू येत होतं. हो, ऐकू येत होतं, जणू ती खोली खालून गुणगुणत होती.

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. वित्तुसच्या अंदाजानं पाऊण तास. तो ओढ्यापासून निघाला तेव्हा लांबून त्याला तिची पाठ दिसली, ताठ, लाकडासारखी. त्यानं हाक मारली. मान हलली नाही. तेव्हा तो असा सुटला की छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाचा खांदा पुढं आठवडाभर दुखत राहिला.

जवळ आल्यावर मात्र त्यानं वेग मोडला. तो मागून आला नाही, बाजूनं आला, बोलत बोलत.

"निका, मी आहे. मामा. बघू नकोस कुठं. माझा आवाज ऐक. तुझ्या होडीत पाणी नाही. मला वरून दिसतंय, कोरडी ठणठणीत आहे. आता मी माझं वल्हं तुझ्या होडीवर ठेवतोय. हां. लागलं? आता आपण दोघं एकच होडी. ही उलटत नसते."

त्यानं एका हातानं तिची कयाक धरली आणि दुसऱ्या हातानं पाण्यावर सपासप थापा मारायला सुरुवात केली. आरसा फुटला. खालचे डोंगर डळमळले, तुकडे झाले, आणि पाण्याला पुन्हा कातडी आली. निकोलिनेच्या घशातून एक आवाज निघाला, मांजरीच्या पिलासारखा.

"रड, रड. रडणारा माणूस हलतो. शाबास. आता वल्ह्याचं टोक पाण्याला लाव. नुसतं लाव. तसंच. घाबरू नकोस पोरी, एनोकलाही मी असाच..."

तो थांबला. पण शब्द निघून गेला होता, आणि तशा अवस्थेतही तिनं तो ऐकला.

काठ तीनशे हात लांब होता. तिथं पोचायला त्यांना तासभर लागला. वाळूवर तो तिला अक्षरशः बाहुलीसारखं उचलून घेऊन आला. ती बराच वेळ हातापायांवर राहिली, दगड मुठीत धरून. मग तिनं होडीत हात घालून पाहिला. आत कोरडं होतं.

"मामा, अताताला काय झालं होतं?"

"काय? काही नाही. मी काय बोललो? चहा करतो."

"मामा."

वित्तुसनं स्टोव्ह पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. "चौतीस वर्षं मी तोंड उघडलं नाही," तो म्हणाला. "आता त्यालाच विचार. मी त्याला शब्द दिलाय."

विचारायला फार थांबावं लागलं नाही. त्यांना शोधत परत आलेल्या उलरिकनं सगळं ऐकलं, आणि त्या बोलक्या माणसानं जे करायचं तेच केलं. मासेमारी करून बाहेर निघालेली एक बोट त्याला दिसली, त्यानं हात करून ती थांबवली आणि निरोप दिला, "एनोकच्या लेकीला बरं नाही. आम्ही मधल्या कातळापाशी आहोत." बोटवाल्यानं तो रेडिओवर सांगितला. गावात खिडकीपाशी बसलेल्या माणसानं तो ऐकला.

तीन तासांनी, ऊन डोंगराच्या खांद्यावर असतानाच, एनोकची जुनी बोट फिओर्डमध्ये घोंघावत आली. त्यानं नांगरही नीट टाकला नाही. बाहत्तर वर्षांचा माणूस गुडघाभर पाण्यातून धडपडत काठावर आला आणि लेकीच्या समोर उभा राहिला. तिच्याकडे पाहिलं, मग वित्तुसकडे.

"वारा नव्हता," वित्तुस म्हणाला.

एनोकनं मान हलवली. तो दगडावर बसला, बुटातलं पाणी ओतलं. वित्तुसनं उलरिकला म्हटलं, "चल, मासे धरू." उलरिक म्हणाला, "आत्ता?" वित्तुसनं त्याची बाही धरून त्याला ओढतच नेलं.

"टोक लांब झालं का?" एनोकनं विचारलं.

निकोलिनेनं मान वर केली. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. "डोंगरापर्यंत," ती म्हणाली.

"माझं बर्फाच्या डोंगरापर्यंत गेलं होतं. आणि पाय गार?"

"पाणी शिरलं असं वाटलं."

"हां." त्यानं ओले मोजे पिळले. मग एकदम बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. "मी अडतीस वर्षांचा होतो. वीस वर्षं रोज समुद्रावर जाणारा माणूस. वादळात मी हसायचो. आणि एका सपाट दुपारी मी सीलची वाट बघत बसलो, आणि संपलो. वित्तुस बावीसचा होता. त्यानं माझी होडी त्याच्या होडीला बांधून मला आणलं. मला वाटलं, होईल बरं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. खाडीच्या तोंडापाशीच भोवळीनं धरलं. मग रोज सकाळी मी कयाकपर्यंत जायचो आणि परत यायचो. तुझ्या आईला सांगायचो, आज हवा बरी नाही."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. त्या शरद ऋतूत म्हणाली, पोरीला शाळा हवी, गावात जाऊ. लोकांनाही तेच सांगितलं. कयाकचं कातडं तिनं उसवलं आणि त्याचे बूट शिवले. तू घातलेस ते. दोन हिवाळे." त्यानं नाक पुसलं. "चांगले झाले होते."

निकोलिनेला ते बूट आठवले. तळवे जाड होते, आत गवत घालायचे. शाळेच्या पायरीवर ते काढून ठेवताना तिला अभिमान वाटायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बाप भित्रा होता म्हणून?"

"मला वाटलं, माझी लाज वाटते तुला. बाई असून..."

"तुझी?" म्हाताऱ्यानं इतक्या खऱ्या आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं की तिला हसू आणि रडू एकदम आलं. "मला भीती होती, हे रक्तातून येतं की काय. तुला सांगितलं तर सांगूनच येईल, आणि नाही सांगितलं तर... बघ, आलंच. दोन्हीकडनं चुकलो."

"मी भित्री आहे का, अताता?"

"तू? नाही."

"मग तू कसा?"

एनोक उठला. तो लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हात जड होता, आणि बराच वेळ तिथंच होता. तेवढ्यात लांबून उलरिकचा आवाज आला की मासा मिळालाय, तोही केवढा, आणि वित्तुसचा आवाज आला की आणखी जरा वेळ मासा धर.

सकाळी पाणी पुन्हा सपाट होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. पुढं नदीपर्यंत जायचा विषय कुणी काढलाच नाही. एनोकनं बोटीत जागा केली.

"कयाक वर बांधू. तू आत बस," तो म्हणाला. "कुणी काही म्हणणार नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मलाही कुणी काही म्हणालं नव्हतं."

निकोलिने काठावर उभी राहिली. पाण्याकडे बघितलं तरी घेरी येईल असं वाटत होतं. तिला बोटीत बसायचं होतं, मनापासून बसायचं होतं. पण वडिलांचं ते शेवटचं वाक्य तिला ढकलायला लागलं. चौतीस वर्षं कुणी काही म्हणालं नव्हतं.

"काठाकाठानं जाईन," ती म्हणाली. "जमेल तेवढं."

वित्तुसनं तिची कयाक धरली. ती बसली. गुडघे इतके थरथरत होते की पाण्यावर बारीक वलयं उठत होती. एनोकनं ती वलयं पाहिली. तो बोटीत चढला, मोटर सुरू केली आणि निघाला. निकोलिनेला वाटलं, बघवत नाही म्हणून गेला. पण तो गेला नाही. तिच्यापासून शंभर हात पुढं, बाजूला राहून, तो अगदी सावकाश नागमोडी चालायला लागला, आणि त्याच्या मागून बारीक लाटा पसरत आल्या, एकीमागून एक, कयाकच्या पोटाला टपटप लागायला लागल्या. पुढं जेवढं पाणी दिसत होतं तेवढं सगळं त्यानं मोडून ठेवलं होतं.

"अरे हा तर समुद्र नांगरतोय!" उलरिक ओरडला.

"बोल, आज बोल तू," वित्तुस म्हणाला. "थांबू नकोस."

आणि उलरिक बोलला. विजेच्या खांबांविषयी, सासूविषयी, डेन्मार्कमधल्या एका कुत्र्याविषयी. दोनदा निकोलिनेचे पाय गार पडायला लागले. पहिल्या वेळी तिनं वल्ह्यानं स्वतःच पाण्यावर थाप मारली. दुसऱ्या वेळी हात अडखळला, तेव्हा ती ओरडली, "अताता!" आणि मोटरीच्या आवाजातूनही त्याला ते कसं ऐकू गेलं कोण जाणे, त्यानं बोट वळवून तिच्यासमोर एक अख्खं वर्तुळ काढलं. लाटा जरा मोठ्याच आल्या. ती उलटता उलटता राहिली आणि त्याला ओरडली, "बुडवतोस का मला?" आणि तेवढ्यानं पाय गरम झाले.

दुपारनंतर तिच्यात त्राण उरलं नाही. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाची जागा ओलांडल्यावर ती म्हणाली, "बस. आता नाही." कयाक बोटीवर बांधली. ती वडिलांशेजारी बसली आणि गावात पोचेपर्यंत त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली. तिची मान हलू नये म्हणून एनोकनं सबंध वाट खांदा स्थिर धरून ठेवला.

सोमवारी कारखान्यात बिबियानेनं विचारलंच. "काय ग, बोटीतून आलीस म्हणे?"

"हो. कयाकची भोवळ आली. हातपाय हलेनात. पिलासारखी रडले."

हसायला उघडलेलं बिबियानेचं तोंड तसंच राहिलं. पट्ट्यावरून कोळंबी पुढं सरकत होती. मग ती तिच्या मानानं फारच हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आजोबांना यायची. आमच्या घरी कुणी बोलत नाही." पलीकडची बाई म्हणाली, तिच्या काकालाही. काका समुद्रावरून आलाच नाही, आणि लोक म्हणाले, होडी फुटली असेल.

निकोलिनेची भोवळ गेली असं नाही. त्या वर्षी ती आणखी तीनदा आली. पण आता तिला पहिली खूण कळायची, आणि सपाट पाण्यात ती कधी एकटी गेली नाही. दोन उन्हाळ्यांनी ती त्या नदीपर्यंत पोचली, तेव्हा बऱ्यापैकी वारा होता आणि सगळे भिजले होते.

एनोक कयाकमध्ये पुन्हा बसला नाही. वित्तुसनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "माझ्या मापाची आता नाही, आणि करूही नकोस." पण त्या भोवळीनंतरच्याच वसंतात क्लबमध्ये सात नवी माणसं आली, त्यात बिबियाने, आणि पहिल्या दिवशी वित्तुसनं त्यांना सांगितलं की आज होडीला हात लावायचा नाही, आधी एनोक काय सांगतो ते ऐकायचं. एनोक तळघरातल्या बाकावरून उठला. त्यानं टोपी काढली.

"वारा नसताना काय होतं, ते मी सांगतो," तो म्हणाला. "मला झालेलं आहे."

तो पाच-सात मिनिटं बोलला असेल. एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, असं त्यानं विचारलं, आणि बिबियानेनं हात वर केला. ती म्हणाली, तिला तीन प्रश्न आहेत, पण आधी म्हाताऱ्याला कुणीतरी कॉफी द्या.